वाढत्या अंगाचा अ‍ॅरे

उल्हासनगरातली माझी पहिली नोकरी तीन नंबर कॅम्पातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात होती. खाली जीन्सचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी, आणखी एक मुलगी आणि आमचे सिंधी मालक, ज्यांना अख्खी गल्ली दादा म्हणायची. खालचं दुकानही दादांचंच. मग वर वेबसाइट बनवण्याचा धंदा कशाला काढला असं कुणी विचारलं तर ते म्हणत, गल्लीत अजून कुणी काढला नव्हता म्हणून. पीएचपी, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, मी तिथेच शिकले. शिकले म्हणजे कुणी शिकवलं नाही. चुका करायच्या, त्या दुरुस्त करायच्या आणि दुरुस्त झाल्या की आपण फार हुशार आहोत असं समजायचं. यातलं शेवटचं मला मुळात शिकावंच लागलं नाही.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राममध्ये अ‍ॅरे नावाचा एक प्रकार असतो. किराणा दुकानात भिंतीला खण असतात आणि खणाखणावर चिठ्ठी लावलेली असते, तसंच ते. चौकोनी कंसात चिठ्ठीवरचं नाव लिहायचं, खणात असेल ते हातात येतं. खणच नसेल तर काही मिळत नाही, वर एक कुरकुर ऐकावी लागते. बिचारा अ‍ॅरे स्वतःचं डोकं चालवत नाही. पण पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीने एक सोय आणली होती. आपण एक क्लास लिहायचा, म्हणजे वागण्याचे नियम लिहून ठेवायचे, आणि त्याच्याकडून चार कामं कबूल करून घ्यायची. मागितलं की द्यायचं, दिलं की ठेवायचं, आहे का विचारलं की सांगायचं, काढ म्हटलं की काढून टाकायचं. एवढं जमलं की तो क्लास अ‍ॅरेसारखा वापरता येतो. बाहेरच्या माणसाला तेच ओळखीचे चौकोनी कंस दिसतात, आत काय चालतं ते मात्र तुमच्या हातात. मला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी जेवणाचा डबा मी तसाच भरलेला घरी नेला आणि आईची बोलणी खाल्ली.

त्या वेळी आम्ही दादांच्या जीन्सची साइट करत होतो. घाऊक गिऱ्हाइकाने कमरेचं माप टाकायचं आणि माल बघायचा. दादांच्या कारखान्यात मापं निघायची ती समसंख्येची, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. कुणी एकतीस टाकलं की स्क्रीनवर यायचं, माल उपलब्ध नाही. दादांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या दुकानात ‘नाही’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. एखादी वस्तू नसली तर गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा पाजायचा आणि तोवर शेजारच्या दुकानातून ती आणायची. ते मला म्हणाले, “बेटा, गिराक को ना नहीं बोलने का. इकतीस नहीं है तो बत्तीस दिखा. बड़ा छोटा होता है, छोटा बड़ा नहीं होता.”

मग मी माझा पहिला क्लास लिहिला. एकतीस मागितलं तर बत्तीस द्यायचं, तेहतीस मागितलं तर चौतीस. आहे का असं विचारलं तर सगळ्यात मोठ्या मापापर्यंत होच म्हणायचं. बाहेरून साधा अ‍ॅरे, आतून दादांचं दुकान. दादांनी स्वतः तेहतीस टाकून पाहिलं, चौतीस आलेलं बघून खाली गेले आणि दुकानातल्या माणसांना बोलावून आणलं. त्या दिवशी वर सगळ्यांना समोसे आले. मी तरंगत घरी गेले.

घर बदलापूरला, शिरगावात. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि आई घरी मशीनवर बसायची. पंधरा-सोळा वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले होते, पण ते सगळे एका ठेकेदाराच्या हाताखाली. त्याच्याकडून कापलेले तुकडे यायचे, आईकडून शिवलेले शर्ट जायचे आणि शाळेत नाव त्याचं व्हायचं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच जवळच्या एका शाळेने शर्टांचं काम थेट तिला दिलं. म्हणजे तिला आणि विहारातल्या महिला मंडळातल्या पाच जणींना, पण मापं आणि जबाबदारी आईची. मुख्याध्यापिका बाईंनी साफ सांगितलं होतं की या वर्षी नीट झालं तर दरवर्षीचं काम तुमचं, नाही झालं तर जुना ठेकेदार आहेच. आईने घरी येऊन हे वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्या वेळी बाबा म्हणाले, अगं कळलं आम्हाला. आईला आम्हाला ते पुरेसं कळलंय असं काही वाटलं नाही.

दोनशे बारा शर्ट होते. पहिली ते सातवी, निळ्या चौकटीचं कापड, मुलामुलींना एकसारखाच शर्ट. परीक्षा संपायच्या आत आई वर्गावर्गात जाऊन मापं घेऊन आली. एक दिवस सुटी काढून मीही सोबत गेले होते. तिची पद्धत अशी की टेप छातीभोवती धरायचा, मग पोराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचं आणि मग वहीत आकडा लिहायचा. वहीत एका पोराला एक आकडा, बस. मी दाराशी बसून कंटाळले होते आणि मनात म्हणत होते, हिने आकडा टेपवर बघावा की पोराच्या तोंडावर.

शर्ट कापायचं काम खरवईच्या एका मावशींकडे होतं. मंडळातल्या सगळ्यांत त्यांचा हात कात्रीवर बसलेला. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे फर्मे होते, बावीसपासून छत्तीसपर्यंत, तेही समसंख्येचे. आईच्या वहीत मात्र सत्तावीस, एकोणतीस असेही आकडे. कुणाला कोणता फर्मा लागेल आणि कोणत्या फर्म्याचे किती शर्ट कापायचे हे पूर्वी ठेकेदार बघायचा. आता ते आईला बघायचं होतं. मी म्हटलं, “आई, हे माझ्यावर सोड. माझ्याकडे याचा तयार क्लास आहे.”

आमच्या घरी एक जोडजुळणी करून घेतलेला कॉम्प्युटर होता, त्याला आईने झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. दुपारी लाइट जायची, त्याच्या आधी आणि नंतर आम्ही बसायचो. आई आकडे सांगायची, मी टाकायचे. दादांच्या जीन्सचा क्लास मी जसाच्या तसा उचलला. सत्तावीसचा फर्मा नसेल तर अठ्ठावीसचा. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे असतात, हे कोणत्या घरात माहीत नसतं? पोरगं वर्षभरात दोन बोटं वाढतं, शर्ट वाढत नाही. मला वाटलं, इथे आपण अनुभवाचं काहीतरी घालूया. मी क्लासमध्ये एक ओळ वाढवली, की मागितलेल्या मापात आधी दोन इंच मिळवायचे आणि मग फर्मा शोधायचा. त्या ओळीवर मी इतकी खूश होते की बाबांना पाळीवरून आल्या आल्या दाखवली. बाबांनी हात न धुता ती वाचली आणि छान म्हणाले. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

यादी निघाली. आईने ती वाचली आणि विचारलं, “बावीसचा एकही नाही? पहिलीतली पोरं तर चिमणीएवढी आहेत.”

मी म्हटलं, कॉम्प्युटर मोजून सांगतो, तुझ्या-माझ्यासारखा अंदाजाने नाही. आईने यादी पुन्हा वर-खाली बघितली. म्हणाली, असेल बाई, या वर्षीची पोरं थोराड असतील. पंधरा-सोळा वर्षं हजारो पोरांचे शर्ट हाताखालून गेलेली बाई माझ्या एका ओळीपुढे गप्प बसली, आणि मी तिला गप्प बसवलं याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. आता वाटतं. या सगळ्या आठवणीत तेवढी एक जागा अशी आहे जिथे मला माझा राग येतो.

मावशींनी तीन दिवसांत सगळं कापड कापलं. गठ्ठे बांधून, प्रत्येकावर इयत्ता लिहून आमच्या हॉलमध्ये आणून रचलं. बारा शर्ट शिवून झाले तेव्हा बाईंचा निरोप आला की नमुना म्हणून पोरांच्या अंगावर घालून दाखवा. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस होते. जवळपास राहणारी बारा पोरं बाईंनी बोलावून ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या सकाळी पाहिलं. पहिलीतल्या मुलीच्या शर्टाची अर्धी बाही कोपराच्या खाली आणि शर्टाचा घेर गुडघ्याला. तिसरीतल्या मुलाने हात वर केले तर आत आणखी एक पोरगं मावलं असतं. शिपाई तोंड फिरवून हसला. पोरंही हसू लागली, त्यांना मजाच वाटत होती, एकाने तर त्या शर्टात गोल गोल फिरून दाखवलं.

बाई हसल्या नाहीत. त्या आईला एवढंच म्हणाल्या की पुढच्या शुक्रवारपर्यंत पूर्ण ऑर्डर बरोबर मापात पाहिजे, नाहीतर मला जुन्या माणसाला फोन करावा लागेल. शुक्रवारला आठ दिवस होते.

घरी येईपर्यंत आई माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला निदान उत्तर देता येतं. घरी आल्यावर तिने वही उघडली, शर्ट जमिनीवर पसरला, टेप लावला. “मी सव्वीस लिहिलंय. हा तर अठ्ठावीसच्याही वर जातोय.”

मी सांगितलं की वाढत्या अंगाचे म्हणून मी दोन इंच मिळवले. आईने माझ्याकडे पाहिलं. “अगं, मी धरलेलं होतं ना त्यात.”

तेवढ्यात मावशी आल्या होत्या, त्यांना निरोप गेला होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मी पन बोटभर जास्त सोडलाय. पोरां वाढतात ना.”

म्हणजे आईने वाढ धरली, माझ्या क्लासने धरली आणि वर मावशींच्या कात्रीनेही धरली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. तिघींनी एकमेकींना न विचारता त्याच पोरांची काळजी केली होती आणि पोरं शर्टात बुडाली होती. आईला हे ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. मग मावशींना. मी मात्र हसत नव्हते, कारण अति शहाणा त्याचा बैल रिकामा हे कुणाला लागू आहे ते मला कळत होतं.

कापड वाया गेलं नव्हतं हे नशीब. दादा म्हणायचे तसं, मोठ्याचं लहान होतं. तिसरीसाठी कापलेला गठ्ठा पाचवीला गेला असता, पाचवीचा सातवीला. सगळ्यात मोठे उरले असते ते छाटून पहिलीला लावता आले असते. फक्त कुणाला काय हे पुन्हा नीट ठरवायला हवं होतं. मी माझी दोन इंचांची ओळ काढून टाकली आणि म्हटलं, झालं, आता वहीत आहे तेच मिळेल, सत्तावीसला अठ्ठावीस.

आई म्हणाली, “सगळ्यांना वर नको ढकलूस. काही सत्तावीस सव्वीसात जातात.”

कोणते, असं मी विचारलं. मला नियम पाहिजे होता. क्लासला नियम लागतो, मी तिला समजावून सांगितलं, त्याला पोराचं तोंड दिसत नाही.  आईने उठून पुढचं दार लावून घेतलं. भरदुपारची वेळ, घरात आम्ही तिघीच, तरी लावलं. आणि वहीतल्या एकेका आकड्यावर बोट ठेवत सांगू लागली.

याचा मोठा भाऊ सहावीत आहे, त्याचा उतरलेला शर्ट याला येतो, म्हणून याला एकच इंच धरला. हा दवाखानेवाल्यांचा, याला दरवर्षी नवा घेतात, याला काही नाही. हिच्या बाबांची कंपनी बंद पडली, ते घरीच असतात, हिला चार. या दोघी बहिणी, मोठीला तीन धरले की धाकटीचं आपोआप भागतं. वांगणीहून येणारा एक मुलगा होता, त्याची आई शेतावर मजुरीला जायची, त्यालाही चार. दोनशे बारा पोरं आणि एकही अडखळ नाही. टेप धरल्यावर ती पोराकडे जे बघायची ते हे होतं. तिला चपला दिसायच्या, आधीच्या शर्टाची उसवलेली आणि पुन्हा शिवलेली शिवण दिसायची, कॉलर कुठे विरलीय ते दिसायचं. काहींची घरं तिला माहीत होती, बाकीची ती शर्टावरून ओळखायची. आणि तो हिशेब एका आकड्यात घालून मोकळी व्हायची.

मी टाइप करायचं थांबले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की आई शिवते आणि मी डोक्याचं काम करते.

नियम सापडला. ज्याला दोन किंवा जास्त धरलेत त्याला सत्तावीससारख्या मधल्या आकड्यावरून वरचा फर्मा, बाकीच्यांना खालचा. म्हणजे क्लासला आकड्याबरोबर धरलेले इंचही द्यावे लागणार. मी तसं म्हणताच आईने माझा हात धरला. “ते कागदावर येता कामा नये. ही यादी उद्या शाळेच्या फळ्यावर लागेल. कुणाला किती धरलं ते वाचून लोक घरं ओळखतील.”

ते मला करता येत होतं. एवढंच तर त्या क्लासचं खरं कसब होतं, आणि ते मला त्या दुपारपर्यंत नीट कळलं नव्हतं. ठेवायच्या कामात मी आकडा आणि इंच दोन्ही आत घेतले. द्यायच्या कामात फक्त फर्मा बाहेर दिला. चौकोनी कंसात पोराचा पट क्रमांक लिहा, अठ्ठावीस मिळेल. हे अठ्ठावीस कसे झाले असं त्याला कितीही विचारा, तो सांगणार नाही. दादांसाठी मी कधी ‘नाही’ न म्हणणारा अ‍ॅरे लिहिला होता. आईसाठी लिहिला तो एका गोष्टीला ठाम नाहीच म्हणायचा. दोन्ही क्लास मिळून शंभर ओळी नसतील, पण पुढे मोठ्या ऑफिसांत मी जे काही लिहिलं त्यातलं फारसं काही मला इतकं आवडलेलं नाही.

पुढचे दिवस मजेत गेले, हे सांगायला हवं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गठ्ठे सोडायचे, नवी यादी बघून पुन्हा बांधायचे. मावशी फर्मा लावून जादाचं बोटभर छाटायच्या आणि दर वेळी त्या बोटभर कापडाकडे जरा वाईट वाटून बघायच्या. मंडळातल्या बाकीच्या बायका आपापल्या मशीनी रिक्षात घालून आमच्याकडेच घेऊन आल्या. पाच मशीनी एकदम सुरू झाल्या की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहायच्या आणि शेवटी त्याही काजं-बटणांना बसल्या. बाबा पाळीवरून आले की सगळ्यांना चहा करायचे. आईने दादांना फोन करून माझी चार दिवसांची रजा मागितली. दादा म्हणाले, ले लो, और चाहिए तो और ले लो. मी इस्त्री केली. त्या आठवड्यात मी एकूण किती शर्टांना इस्त्री केली ते मोजलं नाही, पण निळी चौकट अजून डोळे मिटले की दिसते.

शुक्रवारी आम्ही सगळा माल शाळेत नेला. बाईंनी पुन्हा काही पोरं बोलावली होती. शर्ट अंगावर चढले. कुणाचा अगदी बेताचा बसला, कुणाचा जरासा ढगळ, पण ढगळ म्हणजे कुणी हसावं असा नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. त्यांनी आमची छापलेली यादी घेतली, पुढच्या वर्षांच्या कामाचा फॉर्म टेबलावर ठेवला आणि एकेक रकाना भरू लागल्या. एका रकान्याशी थांबून त्यांनी विचारलं, “वाढीसाठी सगळ्यांना सारखे किती इंच धरलेत? संस्थेला लिहून द्यावं लागतं. पालकही विचारतात.”

आई म्हणाली, “मुलाकडे बघून धरलेत, बाई.”

असं चालत नाही, बाई म्हणाल्या. सगळ्यांना एक नियम पाहिजे. नाहीतर मग प्रत्येकाला किती धरले ते यादीत लिहून द्या, म्हणजे कुणाची तक्रार नको. आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की कॉम्प्युटरमध्ये ते असेलच ना.

होतं. मी आईकडे बघितलं. आईने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले होते. ती म्हणाली, “आहे. पण ते मी देणार नाही. त्यासाठी पुढच्या वर्षी काम नाही मिळालं तरी चालेल.”

 जे वाक्य तिने घरी तीनदा म्हणून दाखवलं होतं, ज्याच्यासाठी घरात आठ दिवस पाच मशीनी चालल्या होत्या, ते तिने स्वतःच्या हाताने बाजूला सारलं होतं, आणि तेही इतक्या साध्या आवाजात. बाईंनाही ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी यादी पुन्हा हातात घेतली आणि त्या आकड्यांवरून बोट खाली नेऊ लागल्या. एका ओळीशी बोट थांबलं. व्हरांड्यात एक सडपातळ मुलगी नवा शर्ट घालून उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. मग आणखी खाली गेल्या, पुन्हा एका ओळीशी थांबल्या. त्या शाळेत त्यांची वीसेक वर्षं गेली होती, पोरांची घरं त्यांनाही ठाऊक होती. यादीत काही लिहिलेलं नव्हतं, तरी त्यांना ती वाचता आली.

त्यांनी पेन उचलला, वाढीच्या रकान्यात ‘नियमाप्रमाणे’ असं लिहिलं आणि खाली सही केली. फॉर्म आईपुढे सरकवून म्हणाल्या, इथे पुरवठादार म्हणून तुमची सही. आईने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न जोडता. बाहेर आल्यावर मंडळातल्या बायकांनी काय झालं विचारलं, तर म्हणाली, मिळालं, आणि रिकाम्या पिशव्यांच्या घड्या करू लागली.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. आई बाहेर बघत होती. मी तिला विचारलं, मी शाळेत असताना माझ्या शर्टाला किती धरायचीस.

“सहा,” ती म्हणाली. “दुसऱ्यांच्या पोरांना मी चारच्या वर धरत नाही, चारच्या वर गेलं की दिसतं. तुझं दिसायचं. पण काय करणार, तेव्हा आपलं तसं होतं.” तिने मांडीवरच्या पिशव्या सारख्या केल्या. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, “राग यायचा का तुला माझा?”

मी नाही म्हटलं. यायचा. पाचवी, सहावी आणि सातवी, रोज सकाळी आरशासमोर बाह्या दोनदा दुमडताना यायचा.